श्रमदानाला डोंगरावर चढण्याआधी

श्रमदानाची तयारी टिकाव-फावड्यांपासून नाही, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांच्या दारापासून सुरू करा. आपण जिथे पावसाचं पाणी अडवायला समपातळीत चर खोदणार, तिथेच त्यांची जनावरं चरतात. कोवळं गवत आणि रोपं राखायची तर त्यांनी जायचं कुठे, हे त्यांच्याच ओट्यावर बसून ठरवा आणि डोंगराची एक बाजू चराईला मोकळी ठेवा. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने चराईबंदी केली, पण विळ्याने गवत कापून न्यायला मुभा ठेवली, तेही सांगा. हे बोलणं झाल्यावरच १ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडा. जागा गायरान आहे की वनखात्याची, ते आधी बघा. वनखात्याची असेल तर लेखी परवानगी लागेल.

आखणी नजरेच्या अंदाजाने नको. आम्ही एकदा तसाच चर खोदला. पहिल्याच वळवाला सगळं पाणी एका टोकाला धावलं आणि भराव फोडून ओढ्यात गेलं. चार सकाळींचा घाम वाहून गेला. तीन काठ्यांची, इंग्रजी A च्या आकाराची ए-फ्रेम बांधा, शेंड्याला दोरीने दगड लटकवा. दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा, मग फ्रेमच्या दोन पायांची जागा अदलाबदल करून दुसरी खूण. दोन्हींच्या मधोमध दोरी आली की दोन्ही पाय समपातळीत. तशी फक्की टाकत पुढे सरका. चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल, माती खालच्या अंगाला, काठापासून थोडी सोडून. असा दहा मीटर चर एकदा भरला की १,८०० लिटर पाणी धरतो, म्हणजे दोनशे लिटरची नऊ पिंपं! सुरुवात मात्र माथ्याकडून, मगच पायथा.

ढिले दांडे आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, गूळ-शेंगदाणे, डोक्याला उपरणं. तान्ह्या लेकरांसाठी झाडाखाली झोळी बांधा, नाहीतर त्यांच्या आया येणार कशा? दगड हाताने उचलण्याआधी पहारीने हलवा, खाली विंचू असतो. साडेपाचला निघा, नऊला थांबा.

भरावावर टाकायला मारवेल किंवा स्टायलो या चाऱ्याचं बी आत्ताच आणून ठेवा. आणि पहिल्या पावसात वर जाऊन चर कुठे फुटतोय ते बघणाऱ्या दोघांची नावं आजच वहीत लिहा.