मसाई मारात फोटो काढायला निघालात? आधी गाडीतली जागा बघा

ताडोबा, नागझिरा, भिगवण करून झालं की आपल्याकडच्या फोटोग्राफरच्या डोक्यात आफ्रिका घोळायला लागतेच. मग पहिला प्रश्न ठरलेला: 'लेन्स कोणती घेऊ?' मी उलट विचारतो, 'गाडीत किती जण आहात?' बहुतेकांनी टूरवाल्याला हे विचारलेलंच नसतं.

केनियातल्या मसाई मारात तुम्ही दिवसाचे दहा-अकरा तास त्या गाडीत काढणार आहात. ठरावीक जागा सोडल्या तर खाली उतरता येत नाही, म्हणजे तुमचा ट्रायपॉड, तुमची मचाण, तुमचं जेवणाचं टेबल, सगळं ती गाडीच. सात जणांच्या व्हॅनमध्ये छत वर उचललं की सगळे एकदम उभे राहतात. सिंह डावीकडे निघाला तर उजवीकडच्यांच्या फ्रेममध्ये टोप्या आणि कोपर. कुणी पाय बदलला की गाडी हलते, आणि १/२०० सेकंदाच्या शटरवर काढलेला सगळ्यांचाच फोटो हलतो. याउलट लँड क्रूझरमध्ये तीन किंवा फार तर चार फोटोग्राफर, प्रत्येकाला एक अख्खी रांग आणि दोन्ही बाजूंची खिडकी मिळत असेल, तर लेन्स पुण्या-मुंबईतून भाड्याने घ्या, पण ती गाडी सोडू नका. नवीन लेन्सवर घालायचे पैसे तिथे घातले तर जास्त फोटो घेऊन परत याल, हे माझं ठाम मत आहे.

दुसरा खर्च दिवसांवर करा. आपल्याकडच्या बऱ्याच सहलींत अंबोसेली एक रात्र, नैवाशा एक रात्र, नाकुरू एक रात्र आणि मारा दोन रात्री अशी आखणी असते. कुटुंबाबरोबर फिरायला ती उत्तम. फोटोसाठी नाही. निम्मा वेळ रस्त्यात जातो, आणि सकाळच्या चांगल्या उजेडात तुम्ही बॅगा भरत असता. पहिल्या खेपेला मारातच सलग चार-पाच रात्री राहा. तिसऱ्या दिवसापर्यंत कोणता कळप कुठे आहे, कोणत्या चित्तीणीला पिल्लं आहेत, हे चालकाला आणि तुम्हालाही कळलेलं असतं. खरे फोटो तिथून पुढे सुरू होतात.

कधी जायचं, हा पैशाचाही प्रश्न आहे. मसाई मारा राखीव क्षेत्रात परदेशी प्रौढांना जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर आणि जानेवारी ते जून १०० डॉलर, असे दर २०२४ मध्ये लागू झाले. जुलै ते ऑक्टोबर म्हणजे वाईल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात तो काळ, म्हणून गर्दीही तेव्हाच. दहा लाखांहून जास्त वाईल्डबीस्ट आणि त्यांच्याबरोबर लाखो झेब्रे सेरेंगेटी-मारात वर्षभर पावसामागे फिरत असतात. नदी ओलांडण्याचं दृश्य बघण्यासारखं आहे यात वाद नाही. पण कळप काठावर तासन्‌तास उभा राहतो, पुढचा एखादा पाण्यापर्यंत जातो, बिचकतो, आणि सगळे मागे फिरतात. तोवर तुमचा अर्धा दिवस गेलेला असतो आणि आजूबाजूला पन्नास गाड्यांची धूळ. नवख्याने पहिल्याच खेपेला त्याच्या मागे लागू नये असं मला वाटतं. फेब्रुवारीत टांझानियातल्या दक्षिण सेरेंगेटीत, एंडुटूच्या बाजूला, वाईल्डबीस्टची बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. गवत आखूड, माळ मोकळा, चित्ते आणि तरस हजर. फोटोग्राफरला तो काळ जास्त देऊन जातो. एप्रिल-मे टाळा. पाऊस मोठा असतो आणि मारातली काळी माती पावसात आपल्या विदर्भातल्या शेतासारखीच चिकटते, गाडी रुतली की दुसरी गाडी येऊन ओढेपर्यंत बसून राहायचं.

राखीव क्षेत्राच्या उत्तरेला आणि पूर्वेला मसाई लोकांच्या मालकीच्या जमिनींवर कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे खासगी संरक्षित क्षेत्रं आहेत: नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, मारा नॉर्थ वगैरे. तिथे गाड्या मोजक्या, रस्ता सोडून जायला परवानगी आणि रात्रीची फेरीही मिळते. राखीव क्षेत्रात यातलं काही चालत नाही. मुक्काम महाग पडतो, पण दोन रात्री तिकडे जमल्या तर बघा.

आता उजेड. मारा विषुववृत्ताला इतकं जवळ आहे की बाराही महिने सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो आणि साडेसहाच्या आसपास मावळतो. वर चढतो तोही भराभर. साडेआठ-नऊनंतर ऊन डोक्यावर येतं, सिंहाचे डोळे सावलीत जातात आणि उन्हाने हवा थरथरायला लागते. मग लांबचा फोटो कितीही भारी लेन्सने काढा, तो मऊच येणार. लोक अशा वेळी लेन्सला शिव्या घालतात, दोष हवेचा असतो. म्हणून नाश्ता बांधून घ्या आणि सहाला फाटक उघडतं तेव्हा तिथे हजर राहा. साडेसातला कॅम्पमध्ये टेबलावर बसून ऑम्लेट खाणारा फोटोग्राफर मला समजत नाही.

ताडोबाच्या जंगलात आपण सूर्य पाठीशी ठेवून फोटो काढायला शिकतो, कारण तिथे उजेडच कमी. मारात उलट करून बघा. सूर्योदयाच्या सुमाराला चालकाला प्राण्याच्या पलीकडे न्यायला सांगा, म्हणजे सूर्य समोर येईल. एक्सपोजर एक-दीड स्टॉपने कमी करा, म्हणजे फोटो मुद्दाम गडद काढा. आयाळीची कड आणि खुरांनी उडालेली धूळ तेवढीच उजळते, बाकीचं काळोखात जातं. माळावरच्या एकट्या झाडाची आकृतीही अशीच काढतात. त्या झाडाला सगळे अकेशिया म्हणतात, पण मारात ते बऱ्याचदा हिंगणबेट असतं, आपल्याकडच्या कोरड्या माळावर वाढतं तेच.

कॅमेऱ्याच्या सेटिंगबद्दल फार लिहीत नाही, ते सरावाने बसतं. बसलेल्या प्राण्याला शटर १/५०० सेकंद, चालत्याला १/१०००, पळणाऱ्याला किंवा उडत्या पक्ष्याला १/२००० आणि वर. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) ऑटोवर टाका आणि घाबरू नका, दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही. रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्येच काढा. १००-४०० किंवा १५०-६०० मिमी यातली एक लेन्स आणि दुसऱ्या बॉडीवर, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्यावर, २४-७० किंवा ७०-२०० असली की भागतं. दुसरी बॉडी चैनीसाठी नाही. लेन्स बदलताना सेन्सरवर बसलेली धूळ पुढच्या प्रत्येक फोटोत आकाशात ठिपके बनून दिसते.

यापेक्षा महत्त्वाचा आहे तो कोन. उघड्या छतातून उभं राहून काढलेले फोटो पाठ आणि डोक्याचेच येतात, प्राणी बुटका दिसतो. खाली बसा, खिडकीच्या कडेवर बीनबॅग (लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी) टाका, तिथून काढा. आणि आणखी एक, जे नवख्यांना पटत नाही: चालकाला प्राण्यापासून जरा लांबच थांबायला सांगा. आठ-दहा मीटरवर तुम्ही त्याच्याकडे वाकून बघता. चाळीस मीटरवरून ५०० किंवा ६०० ने काढलं की नजर जवळजवळ त्याच्या पातळीवर येते, मागचं गवत विरघळतं, आणि प्राणीही बुजत नाही.

चालकाशी पहिल्याच दिवशी बोला. तुम्ही काही सांगितलं नाही तर तो समजतो की पाहुण्यांना सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस असे 'बिग फाइव्ह' एका दिवसात दाखवले की ते खूश होणार. मग दिवसभर रेडिओवर कुणी 'चुई' म्हटलं, म्हणजे बिबट्या, की गाडी तिकडे पळते. त्याला स्पष्ट सांगा: आम्हाला यादी पुरी करायची नाही, एका ठिकाणी थांबायला हरकत नाही, गाडी थांबली की इंजिन बंद कर. चालत्या चित्त्यामागून गाडी नेली तर शेपटीचेच फोटो मिळतात. तो कुठे निघालाय याचा अंदाज घेऊन, मोठा वळसा घालून, त्याची वाट न अडवता पुढे जाऊन थांबायचं असतं. चांगला चालक हे न सांगता करतो.

थांबण्यात काय मिळतं ते एकदा बघितलं की पटतं. दुपारी चारला झुडपाखाली सहा सिंहिणी आडव्या पडलेल्या. गाड्या येत होत्या, मोबाइलवर दोन फोटो काढून जात होत्या. पाचच्या सुमाराला एकीने मोठी जांभई दिली, तिचं बघून दुसरीने. सिंह उठायच्या आधी अशा जांभया देतात, एकापाठोपाठ आल्या की कॅमेरा हातात घ्यायचा. मग एक उठली, पुढचे पाय ताणून पाठीला बाक दिला, आणि चालत जाऊन दुसरीच्या गालावर गाल घासला. पाच मिनिटांत सगळा कळप उभा, कोवळ्या उन्हात, आणि तिथे आमची एकच गाडी. शिकारी पक्ष्यांचंही असंच आहे: फांदीवरचा गरुड पुढे झुकून शिटला की बहुतेक वेळा लगेच उडतो. त्याच क्षणी बोट शटरवर हवं.

'अजून जवळ घे' असा आग्रह चालकाला करू नका. मारात शिकारी प्राण्याभोवती पाच गाड्यांची मर्यादा आहे आणि रस्ता सोडला तर दंड चालकाला होतो, तुम्हाला नाही. हा नुसता शिस्तीचा प्रश्न नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मारातल्या एका अभ्यासात असं दिसलं की पर्यटक जास्त असलेल्या भागात चित्त्याची मादी एका वेतामागे सरासरी ०.२ पिल्लं मोठी करू शकली, आणि पर्यटक कमी असलेल्या भागात २.३. पिल्लंवाल्या चित्तीणीजवळ सहावी गाडी आपली नको.

सामानाचं थोडक्यात. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर एकूण १५ किलो आणि तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक बॅग घेत नाहीत. बीनबॅग रिकामी न्या, तांदूळ तिकडे भरा. प्लग चौकोनी तीन पिनांचा लागतो. दोन मोठे जुने पंचे ठेवा, गाडी पळताना कॅमेऱ्यावर टाकायला त्याहून बरं काही नाही. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या गाडीत जॅकेट लागतंच. काळे आणि गडद निळे कपडे त्सेत्से माश्यांना आवडतात, म्हणून खाकी किंवा मातकट घाला. ताडोबात मिरवतो ते लष्करी छापाचे शर्ट मात्र घरी ठेवा, युगांडात तर ते घालणं बेकायदा आहे. प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, खाऊ कापडी पिशवीत भरा. ड्रोन नेऊच नका.

पिवळ्या तापाची लस सरकारने नेमलेल्या केंद्रावर प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र नसेल तर परत आल्यावर भारतात विलगीकरणात ठेवू शकतात. केनियाला आता व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाचा परवाना काढावा लागतो. महागडा कॅमेरा असेल तर निघताना मुंबई विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. त्यात बॉडीचे आणि लेन्सचे क्रमांक नोंदवतात, परतताना वाद होत नाही.

मसाई माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. कुणी पैसे मागतो, कुणी नको म्हणतो, दोन्ही त्यांचा हक्क. चालकाला निघताना बक्षिशी द्यायची तिकडे रीत आहे, ती टूरच्या पैशात धरलेली नसते, वेगळी ठेवा. आणि घरी आल्यावर त्याला चार-पाच चांगले फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. चालक चांगला निघाला असेल तर पुढच्या बुकिंगला तोच हवा म्हणून नाव घेऊन सांगता येतं, आणि तो बुक झाला असेल तर मी स्वतः तारखा पुढे ढकलतो.