दाताच्या उपचारात गाल अचानक फुगला? या चुका टाळा

गणपतीच्या आधीचा आठवडा. सात वर्षांच्या मुलीच्या खालच्या दाढेचं काम चालू होतं आणि दोन मिनिटांत तिचा गाल फुगून सूज पापणीपर्यंत गेली. आई घाबरून म्हणाली, "अहो डॉक्टर, इंजेक्शनची ॲलर्जी आली बघा!"

मी गालावर बोटं टेकवली. कुरमुऱ्यांची पिशवी हलकेच दाबावी तशी कुरकुर लागली. कातडीखाली हवा शिरली होती.

पहिली चूक हीच, हात न लावता ॲलर्जी ठरवणं. ॲलर्जीत खाज असते, अंगावर गांधी उठतात, पण कुरकुर लागत नाही. कुरकुर कधी कधी उशिरा लागते, हेही खरं. म्हणून श्वास घरघरत असेल तर वाद न घालता आधी ॲलर्जीचेच उपचार सुरू करावेत.

दुसरी चूक आम्हा डॉक्टरांची. एअरोटरच्या, म्हणजे दात कोरायच्या वेगवान यंत्राच्या, डोक्यातून पाण्याबरोबर हवाही सुटते. हिरडी उघडी असताना किंवा दात काढताना तो वापरला, की हवेला वाट मिळते. रूट कॅनल, म्हणजे दाताच्या मुळातली नळी, थ्री-वे सिरिंजच्या (हवा-पाणी मारायच्या नळीच्या) फुंकरीने सुकवू नये, त्यासाठी पेपर पॉइंट, म्हणजे कागदाच्या बारीक काड्या, असतात. कॅनलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं, तर तिथेच ऑक्सिजनचे बुडबुडे तयार होतात. रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून बसवायचा रबरी पडदा, लावायचा कंटाळा करू नये, पण त्यानेही शंभर टक्के खात्री नाही.

घरी आल्यावर गाल चोळू नका, शेकू नका. नाक जोरात शिंकरणं, फुगे फुगवणं, शिट्टी, सगळं बंद. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून. दात काढल्यावर बिगुल वाजवणाऱ्या माणसाचा चेहरा असाच फुगल्याची नोंद 1900 सालची आहे, आणि आपल्याकडे गणपतीत पोरांच्या हातात पिपाणी असतेच!

ही हवा बहुधा दोन-तीन दिवसांत उतरू लागते, आठवडा-दहा दिवसांत जिरते. तोंडातले जंतू सोबत शिरतात म्हणून अँटिबायोटिक बऱ्याचदा देतात. पण हवा मानेतून छातीत उतरू शकते. छातीत दुखलं, धाप लागली, आवाज बदलला किंवा गिळता येईना, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा.

त्या मुलीला मी लगेच एक्स-रेला पाठवलं. छाती मोकळी होती. तुळशीबागेतून आणलेली पिपाणी आईच्या पर्समध्येच राहिली, आणि त्या वर्षी आरतीला तिने झांजा वाजवल्या.