जबड्यात गाठ दिसली? दाताला हात लावण्याआधी या चुका टाळा

तासगावहून आलेल्या पंचेचाळिशीच्या एका ताईंच्या खालच्या पुढच्या दोन दातांचं रूट कॅनल आधीच झालं होतं. एक्स-रेत मुळांच्या टोकाशी काळे डाग होते, एवढंच कारण. दुखत काहीच नव्हतं. शेजारच्या दातांखालीही तसेच डाग होते. थंड लावून पाहिलं तर ते दात जिवंत! तो हाडातला सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेशिया होता, म्हणजे हाडाच्या जागी झालेली वेगळ्या ऊतींची निरुपद्रवी वाढ. त्यावर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं. दोन चांगले दात विनाकारण कोरले गेले, याची हळहळ अजून जात नाही. म्हणून डॉक्टरांनो, दात जिवंत आहे का, हे आधी तपासा.

सगळ्यात मोठी चूक गाठीचा तुकडा (बायोप्सी) तपासायला पाठवताना होते. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली रुग्णालय उभारल्यापासून ‘मिरजेला दाखवा’ हा आमच्या भागातला नेहमीचा सल्ला. नातेवाईक तुकडा ठेवलेली फॉर्मॅलिनची बाटली जपून नेतात, एक्स-रे मात्र घरीच राहतो. ऑसिफाइंग फायब्रोमा आणि फायब्रस डिस्प्लेशिया हे हाडाचे कॅन्सर नसलेले दोन विकार स्लाइडवर इतके सारखे दिसतात, की तुकडा तपासणारा पॅथॉलॉजिस्टही एकट्या स्लाइडवर ठामपणे सांगू शकत नाही. फरक दिसतो तो एक्स-रेत. पहिल्याची कड आखल्यासारखी स्पष्ट असते. दुसरा दुधी काचेसारखा, आजूबाजूच्या हाडात मिसळून गेलेला. पहिला काढावा लागतो, दुसऱ्यात बऱ्याचदा वाढीचं वय संपेपर्यंत थांबता येतं. दाताच्या छोट्या फिल्मवर ही कड मावतच नाही. ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढा, गरज पडली तर सीबीसीटी (त्रिमितीय स्कॅन), आणि बाटलीसोबत पाठवा.

रिपोर्टमध्ये ‘जायंट सेल’ (अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी) आलं, तर शस्त्रक्रियेआधी रक्तातलं कॅल्शियम आणि मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन तपासून घ्या. त्या ग्रंथीच्या आजारात जबड्यात हुबेहूब अशीच गाठ होते, आणि मग उपचार ग्रंथीवर करावा लागतो.

एक्स-रेत काळ्या दिसणाऱ्या पोकळीचा तुकडा घेण्याआधी सुई घालून बघा. नुसतं रक्त भरून आलं तर तिथेच थांबा. रक्तवाहिन्यांची गाठ असेल तर रक्तस्राव जिवावर बेततो.

जबड्यावर एकापेक्षा जास्त ऑस्टिओमा (हाडाच्या साध्या गाठी) असतील तर घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला होता का, हे विचारा आणि आतड्याची तपासणी करायला सांगा. गार्डनर सिंड्रोम या आनुवंशिक आजारात जबड्यातल्या गाठी आतड्यातल्या पॉलिपच्या आधी लक्षात येऊ शकतात.

ओठ बधिर झाला असेल, गाठ भराभर वाढत असेल किंवा दाताच्या मुळाभोवतीची फट एकसारखी रुंदावलेली दिसत असेल, तर ‘साधी गाठ’ असा रिपोर्ट हातात असला तरी थांबू नका. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, सुरुवातीला असाच फसवतो. स्लाइड आणि ओपीजी घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत त्याच आठवड्यात घ्या.