विहिरीत पोहणाऱ्यांनो, समुद्रात या चुका टाळा

अमळनेर-पारोळ्याकडचा गडी स्कूबाच्या (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली पोहण्याच्या) बोटीत बसला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "माले काय व्हस!" लहानपणापासून विहिरीत मुटके मारलेले असतात ना. मला मात्र तिथेच धडकी भरते. पोहता न येणारा माणूस निदान सांगितलेलं ऐकतो.

विहिरीची सवय म्हणजे छाती भरून श्वास घ्यायचा आणि दाबून धरायचा. स्कूबात याहून मोठी चूक नाही. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरलेली हवा वर येताना दुप्पट फुगते, आणि श्वास कोंडलेला असेल तर ती फुप्फुस फाडूनच वाट काढते. दीड-दोन मीटरवरूनही हे होऊ शकतं.

अंदमानात, हॅवलॉकला, माझ्याच भाच्याने हा पराक्रम केला. सहा मीटरवर प्रवाळात एक कासव दिसलं आणि साहेबांनी आनंदाने श्वास रोखला. छाती फुगली तसा तो फुग्यासारखा वर निघाला. इन्स्ट्रक्टरने त्याच्या टाकीचा पट्टा धरला, दुसऱ्या हाताने छातीवर थोपटून श्वास सोडायला लावला. काही झालं नाही. बोटीवर आल्यावर म्हणतो, "मामा, कासव भारी होतं!" हात माझे थरथरत होते.

तेव्हापासून मी कोणालाही नेण्याआधी घरी ओट्यावर बसवून तोंडाने श्वास घ्यायला लावतो. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. केळीला ठिबकने पाणी देतो तसा, संथ आणि न थांबता. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारी तोंडातली नळी, निघाला तरी बारीक बुडबुडे सोडत राहायचं. पोरं कंटाळतात. कंटाळू द्या.

कान दुखायला लागल्यावर नाक दाबून फुंकणं म्हणजे उशीर झाला. पहिल्या मीटरपासून, दर हातभर खाली गेलं की हलकेच फुंका. जोर लावू नका. सर्दी असेल तर बोटीतच बसा, पैसे गेले तरी चालतील.

अंगठा वर म्हणजे 'मस्त' नव्हे, 'वर चला'. ठीक आहे म्हणायला अंगठा आणि तर्जनीचा गोल करा. भुसावळचा एक दोस्त खुशीत अंगठा दाखवत राहिला आणि पाचव्या मिनिटाला वर आला.

भरघोस मिशा असतील तर मास्कमध्ये पाणी येणारच. नाकाखालची बोटभर पट्टी भादरा.

प्रवाळावर उभं राहणारे तर माझ्या डोक्यात जातात. तो दगड नाही, जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. काही जाती वर्षाला सेंटिमीटरभरही वाढत नाहीत आणि तुमचा एक फिन कित्येक वर्षांची वाढ मोडतो. पाण्यात खाली जायला कमरेला वजन बांधतात, ते जास्त झालं की पाय खाली लोंबतात आणि मग लाथा बसतात. म्हणून मी आधी ते वजन कमी करून घेतो. मोडका तुकडा 'शोकेससाठी' उचलणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे.

शेवभाजीवर ताव मारून बोटीत बसू नका. काय होतं ते सांगत नाही.

परतीची घाईही नको. दोन-तीन डाइव्ह झाल्या असतील तर विमानाआधी किमान १८ तास थांबा, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन निघायला वेळ लागतो, आणि त्याआधी हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. मालवणहून गाडीने येणारेही फसतात. आंबोली घाट सुमारे ६९० मीटर उंच आहे आणि तिथेही हवेचा दाब कमीच असतो. खोल डाइव्ह झाली असेल तर मी ती रात्र मालवणातच काढतो. बायको फोनवर विचारते, "अजून निघालाच नाहीत?"