डिफेन्सला शिव्या देण्याआधी: कॉलेज फुटबॉल बघताना या चुका टाळा

शनिवारी संघ ४५-३८ ने जिंकतो आणि रविवारी सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सूर लागतो: "ऑफेन्स भारी, पण डिफेन्स अगदीच भिकार." (ऑफेन्स म्हणजे चेंडू घेऊन गुण करायला जाणारी फळी, डिफेन्स म्हणजे समोरच्याला अडवणारी.) लगेच दुसरा जाणकार उत्तर देतो, "अहो, ऑफेन्स असा पळत सुटल्यावर डिफेन्स दमणारच ना!" मुलं टेक्सास ए अँड एम किंवा पर्ड्यूला शिकायला गेली आणि त्यांच्यापायी अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा नाद लागला, अशा मराठी घरांतही आता ही वाक्यं पाठ झाली आहेत. दुसऱ्या वाक्यात तथ्य आहे, पण जेवढं समजलं जातं तेवढं नाही. ऑफेन्सच्या शैलीमुळे डिफेन्सचे आकडे बदलतात, हे खरं. त्यातला मोठा वाटा नुसत्या हिशेबाचा असतो. तो आधी बाजूला काढावा आणि जे उरेल त्याबद्दलच कोचला जाब विचारावा.

सामन्यामागे किती गुण दिले, एवढंच बघणं

सगळ्यात जास्त होणारी चूक ही, आणि बाकीच्या अर्ध्या चुका हिच्याच पोटातून निघतात.

या खेळात चेंडूचा ताबा आळीपाळीने मिळतो. तुमच्या ऑफेन्सने टचडाउन केलं (चेंडू समोरच्याच्या गोल लाइनपलीकडे नेला), पंट मारला (लाथेने चेंडू लांब समोरच्याकडे देऊन टाकला) किंवा चेंडू गमावला, तरी पुढची पाळी समोरच्याची. त्यामुळे एका सामन्यात दोन्ही संघांना मिळणारे ड्राइव्ह, म्हणजे ताब्याच्या पाळ्या, जवळजवळ सारखेच असतात. तुमचा ऑफेन्स हडल न करता (घोळका करून चाल न ठरवता) झटपट स्नॅप घेत असेल (चेंडू मागे देऊन खेळी सुरू करत असेल), दोन मिनिटांत टचडाउन करत असेल किंवा तीन पास वाया घालवून लगेच पंट करत असेल, तर तुमचे ड्राइव्ह वाढतात आणि तेवढेच समोरच्याचेही वाढतात. समजा, तुमचा डिफेन्स प्रत्येक ड्राइव्हमागे सरासरी २ गुण देतो. संथ सामन्यात समोरच्याला १० ड्राइव्ह मिळाले तर त्याचे २० गुण होतील. वेगवान सामन्यात १५ मिळाले तर ३०. डिफेन्स तोच, पोरं तीच, पण पेपरात एक संघ 'पोलादी' ठरतो आणि दुसरा 'गळका'. चार षटकांत ३२ धावा देणारा गोलंदाज आणि दहा षटकांत ६० देणारा गोलंदाज, यांतला महाग कोण हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इथे मात्र आपण षटकं न विचारताच धावा मोजतो.

उलट्या बाजूचं उदाहरण २२ सप्टेंबर २०१८ चं. ओक्लाहोमाची गाठ आर्मीशी, म्हणजे अमेरिकेच्या लष्करी अकादमीच्या संघाशी पडली. आर्मी ट्रिपल ऑप्शन खेळते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक खेळीत पळणं, तीन-चार यार्ड काढणं आणि घड्याळ चालू ठेवणं. त्या दिवशी आर्मीने ४४ मिनिटं ४१ सेकंद चेंडू स्वतःकडे ठेवला आणि ८७ खेळ्या केल्या. कायलर मरेसारखा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) असलेल्या ओक्लाहोमाच्या ऑफेन्सला मिळाल्या फक्त ४०. सामना ओव्हरटाइममध्ये २८-२१ असा कसाबसा सुटला. नुसता धावफलक बघणाऱ्याला वाटेल की डिफेन्सने चांगली कामगिरी केली, दिले फक्त २१. पण ज्याला दर चार खेळ्यांनी पुन्हा पहिला डाउन मिळतोय (म्हणजे दहा यार्ड काढून चार नवे प्रयत्न मिळतायत), त्याला तुम्ही अडवलेलं नाही. ड्राइव्हच मोजके झाले, म्हणून गुण मोजके दिसले. दोन आठवड्यांनी टेक्सासने त्याच डिफेन्सवर ४८ गुण चढवले आणि डिफेन्सचे कोच (कोऑर्डिनेटर) माइक स्टूप्स यांची नोकरी गेली.

उपाय सोपा आहे: ड्राइव्हमागे गुण आणि खेळीमागे यार्ड बघा. स्वतः मोजायचा कंटाळा असेल तर ब्रायन फ्रेमो यांची एफईआय किंवा बिल कॉनेली यांची एसपी-प्लस ही मोजमापं बघा. पहिलं ताब्यांवर आधारलेलं आहे, दुसऱ्यात खेळाचा वेग आणि प्रतिस्पर्ध्याची ताकद दोन्ही धरलेली असतात.

घड्याळावरून दमणूक ठरवणं

टीव्हीवर ताब्याची मिनिटं दाखवतात आणि समालोचक हळहळतो, "बिचारा डिफेन्स ३५ मिनिटं मैदानावर होता." पण त्यातली बरीचशी मिनिटं खेळाडू उभे असतात. माणूस दमतो तो प्रत्येक स्नॅपला धडक दिल्याने. म्हणून मिनिटं सोडा, खेळ्या मोजा.

चिप केली कोच असतानाचं ऑरेगन, म्हणजे २००९ ते २०१२, हे याचं उत्तम उदाहरण. ताब्याच्या मिनिटांत तो संघ देशात तळाकडे असायचा आणि तरी सामने आरामात जिंकायचा. मोठी आघाडी मिळाली की दुसऱ्या फळीतली पोरं मैदानात उतरायची, त्यामुळे भरपूर खेळाडूंना सराव मिळायचा आणि पहिली फळी ताजी राहायची. वेगाने खेळायचं असेल तर डिफेन्समध्ये माणसं आलटूनपालटून वापरावीच लागतात. ज्या कोचकडे भरवशाचे चारच लाइनमन (पुढच्या रांगेतले खेळाडू) आहेत, त्याने ऑरेगनची नक्कल करू नये.

दमणूक खरीच असते, हे बघायचं तर ९ जानेवारी २०१७ चा अंतिम सामना काढा. क्लेम्सनने अलाबामाच्या डिफेन्ससमोर ९९ खेळ्या केल्या. तिसऱ्या क्वार्टरअखेर अलाबामा २४-१४ ने पुढे होती. चौथ्यात क्लेम्सनने २१ गुण केले, शेवटचं टचडाउन एक सेकंद शिल्लक असताना, आणि सामना ३५-३१ ने नेला. सगळे म्हणाले, क्लेम्सनच्या वेगाने अलाबामाला दमवलं. अर्धं बरोबर. उरलेलं अर्धं अलाबामाच्या स्वतःच्या ऑफेन्सचं पाप: १५ तिसऱ्या डाउनपैकी फक्त २ वेळा त्यांना पुन्हा पहिला डाउन मिळवता आला. म्हणजे दर थोड्या वेळाने तोच डिफेन्स पुन्हा मैदानात.

यात एक गंमत आहे. अलाबामाचे तेव्हाचे कोच निक सेबन यांनीच २०१२ मध्ये या वेगवान खेळाबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. २०१४ मध्ये नियम समितीपुढे प्रस्ताव आला: ४० सेकंदांच्या प्ले क्लॉकमधले (पुढची खेळी सुरू करायच्या मुदतीतले) पहिले १० सेकंद स्नॅप घ्यायचाच नाही, म्हणजे डिफेन्सला माणसं बदलता येतील. आजही नियम असा आहे की ऑफेन्सने खेळाडू बदलला तरच डिफेन्सला बदलायला वेळ मिळतो, नाहीतर नाही. खेळाडूंच्या सुरक्षिततेचं कारण पुढे केलेला तो प्रस्ताव महिनाभरातच बारगळला. सेबन यांनी त्याच वर्षी लेन किफिन यांना ऑफेन्सची सूत्रं दिली आणि अलाबामाही स्प्रेड (पास झेलणारे मैदानभर पसरवून खेळणं) आणि वेगाच्या वाटेला लागली. तक्रार करून झाल्यावर हत्यार उचलणारा माणूस मला तरी जास्त शहाणा वाटतो.

समोरच्याचे सगळे गुण डिफेन्सच्या खात्यावर टाकणं

'गुण दिले' हा आकडा म्हणजे समोरच्या संघाचे एकूण गुण. त्यात तुमच्या क्वार्टरबॅकने फेकलेल्या इंटरसेप्शनवरचं (समोरच्याने झेललेल्या पासवरचं) टचडाउनही येतं आणि किकऑफ परत आणून केलेलंही. तेव्हा डिफेन्स बाकावर बसलेला असतो.

४ जानेवारी २०१२ च्या ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात वेस्ट व्हर्जिनियाने क्लेम्सनला ७०-३३ असं धुतलं. डिफेन्स वाईट खेळला यात वाद नाही. पण त्या ७० मध्ये एक टचडाउन असं आहे की क्लेम्सन स्वतः गोल लाइनपाशी पोचली होती, तिथे चेंडू सुटला आणि डॅरविन कुकने तो ९९ यार्ड पळवत नेला. धोका पत्करणाऱ्या ऑफेन्समध्ये असे प्रसंग जास्त येतात. आणि चेंडू आपल्या २० यार्डांवर गमावला तर पुढचं फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारलेला तीन गुणांचा गोल) जवळजवळ फुकटच. डिफेन्सने एक यार्ड न देताही तीन गुण जातात.

ओव्हरटाइमचंही तसंच. २०१८ मध्ये टेक्सास ए अँड एमने एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) ७४-७२ असं हरवलं. सात ओव्हरटाइम. नियमित वेळेत बरोबरी होती ३१-३१. त्या वेळच्या नियमाने ओव्हरटाइममध्ये प्रत्येक ताबा २५ यार्डांच्या रेषेवरून सुरू व्हायचा, तेव्हा ७२ गुण देणारा डिफेन्स म्हणून ए अँड एमची टिंगल करू नये.

पासचे यार्ड पाहून घाबरणं

तुमचा ऑफेन्स तुफान असेल तर समोरचा संघ दुसऱ्या क्वार्टरपासूनच मागे असतो. मागे असलेला संघ धावत नाही, पास फेकतो. पन्नास पास फेकल्यावर यार्ड मिळणारच. म्हणून उत्तम ऑफेन्सच्या संघाचा पास डिफेन्स यादीत खाली आणि धावेचा डिफेन्स उगाच वर दिसतो. त्यात कॉलेजच्या हिशेबात क्वार्टरबॅकला सॅक केल्यावर (पास फेकण्याआधीच पाडल्यावर) गेलेले यार्ड धावेच्या खात्यातून वजा होतात, पासच्या नव्हे. म्हणजे पास जास्त पडले की सॅकही जास्त आणि धावेचा आकडा आणखीच गोंडस. पासमागे किती यार्ड दिले ते बघा, एकूण किती दिले ते नको. सामना हातातून गेल्यानंतरचा चौथा क्वार्टर तर सरळ सोडून द्या.

सराव कोणाशी होतो, हे विसरणं

इथे मात्र शैलीचा खरा परिणाम दिसतो, आणि याचीच चर्चा सगळ्यात कमी होते.

डिफेन्स ऑगस्टभर रोज स्वतःच्याच ऑफेन्सशी सराव करतो. तो ऑफेन्स चार-पाच रिसीव्हर (पास झेलणारे) पसरून पास फेकणारा असेल, तर डिफेन्सला मोकळ्या जागेत पळण्याची, माणूस धरण्याची सवय लागते. दोन टाइट एंड आणि फुलबॅक (पळणाऱ्याला वाट करून देणारे दणकट गडी) घेऊन अंगावर येणारा संघ त्याला क्वचितच दिसतो. भरतीही त्याच अंगाने होत जाते: डिफेन्सच्या मधल्या फळीत हलके, चपळ लाइनबॅकर. मग एखाद्या शनिवारी स्टॅनफर्ड समोर येते. २०१२ मध्ये स्टॅनफर्डने ऑरेगनला ओव्हरटाइममध्ये १७-१४ ने हरवलं. पुढच्या वर्षी ४२ मिनिटांहून जास्त चेंडू दाबून ठेवला, टायलर गॅफनीला ४५ वेळा पळवलं, आधी २६-० अशी आघाडी घेतली आणि २६-२० ने जिंकले. एकाच प्रकारच्या खेळाने ऑरेगन दोनदा सापडली.

नवख्या शैलीचा फटका थोरामोठ्यांनाही बसतो. २०११ ची अलाबामा सामन्यामागे सरासरी ८.२ गुण देत होती आणि धावेचे ७२ यार्ड. नोव्हेंबरमध्ये खालच्या विभागातली जॉर्जिया सदर्न ऑप्शन घेऊन आली आणि ३०२ यार्ड पळून गेली. अलाबामा जिंकली ४५-२१ ने, पण आठवडाभराच्या सरावात राखीव पोरांकडून ऑप्शनची नक्कल करून घेणं आणि मुरलेल्या संघाची ऑप्शन सामन्याच्या वेगात अंगावर घेणं यांत केवढं अंतर आहे ते दिसलं.

तुमच्या संघाचा डिफेन्स ठरावीक प्रकारच्याच संघांपुढे कोसळत असेल, तर दोष दमणुकीचा नाही, सवयीचा आहे. ऑफेन्स हळू करून तो जाणार नाही. स्प्रिंगच्या सरावात डिफेन्ससमोर वेगळं काहीतरी आणावं लागेल.

चुकीचा नट पिळणं

७० गुण खाल्ल्यावर क्लेम्सनला सल्ले मिळाले असतील: वेग कमी करा, चेंडू धरून ठेवा. कोच डाबो स्विनी यांनी चॅड मॉरिस यांचा वेगवान ऑफेन्स तसाच ठेवला आणि ओक्लाहोमाहून ब्रेंट व्हेनेबल्स यांना डिफेन्ससाठी आणलं. २०१४ मध्ये, मॉरिस अजून तिथेच असताना, यार्ड देण्याच्या यादीत क्लेम्सन देशात सर्वांत कंजूष ठरली. वेग आणि चांगला डिफेन्स एकत्र नांदत नाहीत म्हणणाऱ्याला एवढं एक उदाहरण पुरे.

दुसऱ्या टोकाला आयोवा. संथ खेळ, पंट, पुन्हा पंट. २०२२ मध्ये त्यांनी साउथ डकोटा स्टेटला ७-३ ने हरवलं, तेही एकही टचडाउन न करता: एक फील्ड गोल, दोन सेफ्टी (समोरच्याला त्याच्याच गोल लाइनमागे पाडल्याचे दोन-दोन गुण). २०२३ मध्ये टोरी टेलरने ९३ पंट मारले, ४,४७९ यार्डांचा विक्रम केला आणि संघाने सामन्यामागे १५.४ गुण करून १४.८ दिले. फिल पार्कर यांचा डिफेन्स खरोखरच उत्तम होता, पण समोरच्याला दरवेळी स्वतःच्या गोल लाइनजवळून सुरुवात करायला लावणाऱ्या त्या पंटांचाही १४.८ मध्ये वाटा आहे. आणि ही शैलीही डिफेन्सला वाचवतेच असं नाही. पेन स्टेटविरुद्ध आयोवाच्या ऑफेन्सला ३३ खेळ्यांत ७६ यार्ड मिळाले आणि डिफेन्सला ९७ खेळ्या झेलाव्या लागल्या. हरले ३१-०.

सगळ्यात गुंतागुंतीचं प्रकरण यूएससीचं (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचं). कोच लिंकन रायली यांनी ओक्लाहोमाहून येताना डिफेन्सचे कोऑर्डिनेटर ॲलेक्स ग्रिंच यांनाही आणलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टनने ५२ गुण केल्यावर ग्रिंच गेले, त्यांच्या जागी डँटन लिन आले. २०२४ मध्ये सामन्यामागे दिलेले गुण ३४ वरून २४ वर उतरले आणि लिन यांचं कौतुक झालं. संघ मात्र ८-५ वरून ७-६ वर आला. शिवाय त्याच वर्षी यूएससी पॅक-१२ ही लीग सोडून बिग टेन या लीगमध्ये गेली होती, जिथे आयोवासारखे संघ रमतगमत खेळतात. तेव्हा त्या १० गुणांतले किती लिन यांचे आणि किती बिग टेनच्या चालीचे, ते कळायला दोन्ही वर्षांचे ड्राइव्ह मोजूनच बघावे लागतील.