डेकमध्ये कोळशाचं ग्रिल टेबल बांधताना

डेकच्या फळ्यांवर ग्रिल ठेवा, भोवती लाकडी चौकट ठोका, झालं टेबल! असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. इथल्या मापाचं ग्रिल विटा, पत्रा आणि ग्रॅनाइट धरून दोनशे किलोच्या घरात जातं, आणि फुललेल्या निखाऱ्यांशेजारचं लाकूड पहिल्या दिवशी नाही पेटलं तरी पुन्हा पुन्हा तापून आतून कोळपत जातं.

काम चतुर्थीनंतर, पाऊस ओसरला की काढा. डेकच्या दोन फळ्या उचलून वाशांच्या मधून जांभ्या चिऱ्याच्या दोन आडव्या भिंती वर आणा. प्रत्येक ६० सेमी लांब आणि पाया घट्ट मुरमापर्यंत. वासा कापू नका. भिंत आणि फळी यांत १२ मिमी जागा सोडा, कारण पावसात लाकूड फुगतं, चिरा फुगत नाही. भिंतींवर काँक्रीटची ७५ मिमी जाड लादी टाका, तिचा माथा डेकपासून ५२ सेमीवर.

निखाऱ्यांची पेटी ३ मिमी लोखंडी पत्र्याची, बाहेरून ७५ × ५५ × ३१ सेमी. गॅल्व्हनाइज्ड पत्रा चुकूनही नको. तापल्यावर जस्ताचा धूर निघतो आणि वर अन्न असतं. आत ९ × ४½ × ३ इंची फायर ब्रिक, म्हणजे आग सोसणाऱ्या विटा: तळाला आडव्या, कडेला उभ्या. तुटफूट धरून ४० आणा. जोड फायरक्लेचे, म्हणजे आग सोसणाऱ्या मातीचे, आणि ३ मिमीपेक्षा जाड नकोत. गवंडी सिमेंट कालवायला घेईल, त्याला तिथेच थांबवा, कारण सिमेंटचा जोड आगीत भुसभुशीत होऊन गळतो. चिराही आगीसमोर उघडा ठेवू नका. तो पाणी पितो, आणि ओला चिरा झटकन तापला की वाफेने तडकतो. पुढच्या बाजूला खाली हवेसाठी ५ सेमीची दोन भोकं, तळाला पाणी निथळायला एक १२ मिमीचं.

आता पेटीभोवतीची फट. बहुतेक टेबलं इथेच बिघडतात.

एक मीटर लोखंड १०० अंशांनी तापलं की साधारण १.२ मिमी वाढतं, स्टेनलेस तर १.७. दिसायला एवढंसं, पण ग्रॅनाइटच्या घट्ट खाचेत बसवलेली पेटी तेवढ्यानेही दगड फोडते. तडा नेहमी खाचेच्या काटकोनातून सुटतो. म्हणून अखंड फरशीत चौकोन कापूच नका. वरचा दगड चार तुकड्यांत लावा आणि पेटीच्या चारही बाजूंना १२ मिमी मोकळे ठेवा. पेटी ५ सेमी उंच लोखंडी पायांवर लादीवर उभी राहील. तिचा भार ना दगडावर, ना डेकवर. पेटीच्या काठाला बाहेर वळवलेली ३ सेमीची पट्टी फट झाकेल, पण दगडाला टेकू देऊ नका. मध्ये ५ मिमी अंतर हवं.

ही फट बुजवायची नाही. सिलिकॉन नको, पांढरं सिमेंट नको, काचलोकरही नको. गार हवा खालून शिरते आणि गरम होऊन पट्टीखालून बाहेर पडते, तेवढ्यावरच भोवतालची चौकट वाचते. वाट बुजली की पेटीभोवतीच्या कपाटाची भट्टी झालीच. म्हणून खालच्या लाकडी झडपांनाही जाळी किंवा फटी हव्यात. चौकट ४० मिमी चौकोनी पाइपची, लाकूड फक्त बाहेरच्या अंगाला, पेटीच्या पत्र्यापासून निदान १५ सेमी लांब आणि मध्ये १२ मिमी सिमेंट बोर्ड. ‘सागवान आहे, काही होत नाही’ असं सुतार म्हणेल. सागवान वाळवीला दाद देत नाही, निखाऱ्याला देतं.

माथ्याला कडप्पा स्वस्त पडतो, पण तो चुनखडीचा. माशात भरायच्या गोव्याच्या रेशाद मसाल्यातलं व्हिनेगर सांडलं की पांढरे डाग पडतात आणि जात नाहीत. १८ मिमी ग्रॅनाइटच घ्या. तेच व्हिनेगर साध्या लोखंडी जाळीला गंज चढवतं, म्हणून जाळी स्टेनलेसची. समुद्र जवळ असेल तर ३१६ ग्रेड, ३०४ वर खाऱ्या वाऱ्याने तपकिरी डाग येतात. बांगड्यासाठी जाळी निखाऱ्यांपासून १० ते १२ सेमीवर. ग्रिलसमोर फळ्यांवर ६० सेमी रुंद दगडी पट्टा टाका, ठिणगी पडतेच.

पहिल्याच दिवशी पेटी भरून कोळसा पेटवू नका. मूठ-दोन मूठ करवंट्यांच्या कोळशाचा मंद जाळ, असे तीन दिवस. विटा वाळू द्या.

जूनआधी राख पूर्ण काढा. भिजलेली राख पत्रा खाते. वर पत्र्याचं झाकण पुरे, प्लास्टिकने गुंडाळलीत तर आत दमट राहून गंज लवकर धरेल. पावसाळ्यानंतर पहिला जाळ पुन्हा मूठभरच.