शेंगा चटणीचा धंदा: माल खपतो, पैसे अडकतात

सोलापुरात शेंगा चटणी आणि कडक भाकरी विकायची असेल, तर गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागत नाही. अक्कलकोटला, पंढरपूरला, तुळजापूरला जाणारा माणूस परतीच्या वाटेवर दोन पाकिटं घेतोच. पुण्यात स्थायिक झालेला सोलापूरकर तर किलोनं मागवतो. त्यामुळे हा धंदा सोपा वाटतो. माल बनवायला तो खरंच फार अवघड नाही. गाडी अडते ती पुढे, पैशापाशी.

घरच्या चवीचं कौतुक सगळे करतात, त्यावर दोन शब्द पुरेत. उखळात किंवा डंकावर (कांडपाच्या यंत्रावर) कांडलेली, तेल सुटलेली चटणीच इथं चालते. मिक्सरमधला कूट सोलापूरकर पहिल्या घासाला ओळखतो. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे हातानं निवडून काढा. बुरशीचं विष भाजून पूर्ण जात नाही. लसूण ओलसर राहिला तर आठवड्यात पाकिटात वास धरतो, म्हणून सोलून पंख्याखाली कोरडा करून मगच घाला. चटणी पूर्ण गार झाल्याशिवाय पाकीट सील करू नका, आत घाम धरतो. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे गेला की तेल सुटून पाकिटाबाहेर येतं आणि चटणी खवट होते. मार्च ते जून माल निम्मा बनवा, पण ताजा द्या.

आता घट, म्हणजे वजनातली तूट. दहा किलो कच्चे दाणे, ८०० ग्रॅम तिखट, ६०० ग्रॅम लसूण, ४५० ग्रॅम मीठ, १५० ग्रॅम जिरे. कागदावर बेरीज १२ किलो, म्हणजे २०० ग्रॅमची ६० पाकिटं. प्रत्यक्षात दाणे भाजून, साल पाखडून, खराब काढून नऊ किलोच उरतात. कांडताना चिकटून, सांडून आणखी पाव किलो जातं. हातात येतात ५३ पाकिटं. किंमत ६० पाकिटांवर काढलीत की प्रत्येक घाण्याला सात पाकिटं फुकट वाटल्यासारखी होतात. एक घाणा स्वतः तोलून बघा आणि तोच आकडा धरा, माझा नको. इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का दरवर्षी घ्यायचा, हे बहुतेकांना दंड भरताना कळतं.

कागदपत्रांना घाबरू नका. अन्न नोंदणी करा, तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापा. निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, घटक, बॅच, बनवल्याची आणि वापरायची मुदत, पत्ता, तक्रारीचा फोन, हिरवा ठिपका आणि ‘यात शेंगदाणे आहेत’ ही सूचना एका स्टिकरवर बसते. छापील पाकिटांच्या नादी लागू नका. त्यांचे छपाईचे सिलिंडर बनवायला लागतात आणि छापणारा हजारांच्या खाली हात लावत नाही. मग पत्ता बदलला किंवा किंमत वाढली की सगळा गठ्ठा रद्दी. सुरुवातीला साधं पाकीट, पाचशे स्टिकर, हाताचं सीलिंग मशीन. वीसपेक्षा कमी कामगार असतील (२०२५ पर्यंत ही मर्यादा दहा होती) तर राज्याच्या २०१७ च्या दुकाने कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. लघुउद्योगांसाठीची सरकारी ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे. तिचे पैसे घेणारा एजंट भेटला तर पुढच्या कामालाही त्याला बोलावू नका.

आता मुख्य गोष्ट. हा भाग लांबणार आहे, पण घाई करू नका.

तुम्ही पिशवी घेऊन दुकानात जाता. मालक एक पाकीट फोडतो, चव घेतो, मान डोलावतो आणि म्हणतो, “झकास आहे. पन्नास ठेवून जावा की, खपलं की देतो.” ऐकून अंगावर मूठभर मांस चढतं. हे वाक्य म्हणजे ऑर्डर नाही, तुमच्या पैशानं त्याचं शेल्फ भरण्याची विनंती आहे. अशा मालाला बाजारात जांगड म्हणतात. खपला तर पैसे, नाही तर माल परत. दुकानदार काही वाईट माणूस नसतो. त्याच्याकडे दहा जण असंच ठेवून जातात, आणि गल्ल्यातला पैसा आधी त्याला जातो जो दारात येऊन मागतो किंवा माल थांबवतो.

आकड्यात बघा. पाकिटाची छापील किंमत ८० रुपये, दुकानदाराला २० टक्के सोडून तुम्हाला ६४. माल, पाकीट, मजुरी, गॅस, पोहोच धरून खर्च ५०. आठवड्याला ३०० पाकिटं दिलीत तर खर्च १५,००० आणि बिल १९,२००. आठवड्याला ४,२०० नफा! सहा आठवड्यांत २५,२००. वही खूश. पण दुकानदार सहाव्या आठवड्यानंतर पैसे देणार असेल, तर पहिला रुपया दिसायच्या आधी तुम्ही ९०,००० घातलेले असतात. भांडवल ६०,००० असेल तर चौथ्या आठवड्यालाच ते संपलं. पाचव्या आठवड्यात दाणे आणायला पैसे नाहीत, कांडणाऱ्या बाईची मजुरी थकली, आणि वहीत मात्र नफाच नफा. याच टप्प्यावर लोक सोनं गहाण टाकतात किंवा रोजच्या हप्त्याचं खासगी कर्ज काढतात. चटणी चांगली, गिऱ्हाईक भरपूर, तरी धंदा बंद.

यातली वाईट गोष्ट अशी की विक्री वाढली की खड्डाही वाढतो. ३०० ची ६०० पाकिटं झाली की सहा आठवड्यांसाठी ९०,००० ऐवजी १,८०,००० लागतात. नवीन माणसाला वाटतं, ‘थोडा खप वाढला की सुटेल.’ सुटत नाही, आवळतं.

परतीचा माल वेगळाच. शंभरात पाच पाकिटं मुदत संपून परत आली तर आठवड्याला १५ पाकिटं, ९६० रुपये. ४,२०० मधले जवळजवळ पाव गेले. कडक भाकरीत तर तुटीची भर पडते. आणि विरी (चिकटपणा) गेलेल्या जुन्या पिठाची भाकरी थापतानाच चिरते, त्यामुळे ज्वारी मालदांडी असली तरी दळण थोडं थोडंच आणा.

बाहेर पडायची वाट आहे, आणि ती अवघड नाही. पहिल्या वेळी दुकानात पन्नास नाही, दहा पाकिटं द्या. तेवढी उधारी बुडाली तरी झोप उडत नाही. दुसऱ्या वेळी मागच्या दहाचे पैसे घेतल्याशिवाय नवी पिशवी उघडूच नका. व्यापारी याला ‘बिल टू बिल’ म्हणतात आणि ते त्यांना चांगलं समजतं. कुठल्याही दुकानाला दोन आठवड्यांच्या खपापेक्षा जास्त माल उधार द्यायचा नाही, अण्णा कितीही ओळखीचे असोत. चलनावर ‘जांगड’ की ‘पक्की विक्री’ हे लिहा, सही आणि दुकानाचा शिक्का घ्या. मुदत संपायला तीन आठवडे उरले की तुम्हीच माल बदलून द्या, मग तो माल रोख विकून टाकता येतो. वसुलीला भवानी (दिवसाची पहिली विक्री) व्हायच्या आधी जाऊ नका आणि दिवेलागणीलाही नको. देणारा माणूसही त्या वेळी हात आखडतो. अकरा ते एक बरं. वार ठरलेला ठेवा, म्हणजे तुम्ही दिसलात की त्याचा हात आपोआप गल्ल्याकडे जातो.

कायदाही तुमच्या बाजूचा आहे, पण त्याची धार कुठे लागते ते ओळखा. २००६ च्या सूक्ष्म-लघु उद्योग कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाही तर चक्रवाढ व्याज. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेलं आणि वर्षअखेरीलाही थकलेलं बिल खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. मोठं सुपरमार्केट किंवा कंपनीचं कँटीन यामुळे हलतं, म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा. अंदाजे नफ्यावर कर भरणाऱ्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला त्याची फारशी झळ बसत नाही. तिथं दहा पाकिटांचा नियमच कामाचा.

एकूण खपाचा निदान तिसरा हिस्सा रोखीचा ठेवा. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाकडून पैसे आधी घ्या आणि ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पार्सल टाका. चटणी पोचते. भाकरी मात्र खोक्यात उभी रचून, कडेला कागदाचे बोळे कोंबून पाठवायची. आडवी रचली तर वरच्या वजनानं खालची मोडते.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत कडू आहे. ‘महिन्याला लाख कमवा’ शिकवणाऱ्याचा धंदा शिकवणी हाच असतो. त्यापेक्षा एखाद्या जुन्या घाऊक व्यापाऱ्याच्या दिवाणजीजवळ दोन दुपार बसा. कोण पैसे देतो, कोण बुडवतो, कोण देतो पण रडवून देतो, सगळं त्याला तोंडपाठ. अनुदानाच्या भरवशावर यंत्र घेणं हाही तसलाच शॉर्टकट. अनुदान कर्जाला जोडून येतं, हप्ता मात्र लगेच सुरू होतो. मुद्रा योजनेत ५०,००० पर्यंतचं शिशु कर्ज विनातारण मिळतं. ते यंत्रात नाही, दाण्यात घाला. डंकावाल्याला मजुरी देऊन वर्ष काढता येतं.

दिवाळीच्या सुमारास नवे शेंगदाणे येतात आणि लगेच जानेवारीत सिद्धेश्वरांचा गड्डा, म्हणजे सोलापूरची मोठी यात्रा. या दोन महिन्यांत दुकानदारही जास्त माल मागतात आणि जुनी बाकी ‘गड्डा झाला की देतो’ म्हणतात. तेव्हाच माल रोखीच्या स्टॉलकडे वळवा. गड्ड्याच्या गर्दीत १०० ग्रॅमचं पाकीट २०० पेक्षा पटकन उचललं जातं, म्हणून निम्मी पाकिटं छोटी भरा. त्यांचं स्टिकर मात्र वेगळं लागेल, वजन आणि किंमत बदलते.